फातोर्ड्याचे दोन सामने

मुलांनो, सांगली जिल्ह्यातील कुंडल हे माझे गाव. स्वातंत्र्यपूर्व काळी ते औंध संस्थानात मोडत असे. त्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याच्या इतिहासातही आमच्या गावाचे नाव आदराने घेतले जाते. परंतु गावोगावच्या शौकिनांना कुंडल ठाऊक आहे ते त्याच्या कुस्त्यांच्या मैदानामुळे.

मैदानाच्या दिवशी हलगी कडाडू लागली, की घरात कोणाचे पाऊल ठरत नाही. डोक्याला फेटे बांधलेली वृद्ध माणसे, नातवंडांना खांद्यावर घेतलेले आजोबा, तालमीतली पोरे, सारी लाल मातीच्या आखाड्याभोवती दाटीवाटीने बसतात. मल्ल आखाड्यात उतरतो तो प्रथम खाली वाकतो, मातीला हात लावतो आणि तो हात कपाळी नेतो. मग तो प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात लावून सलामी देतो. शड्डू ठोकावयाचा तो त्यानंतर.

लहानपणी हे पाहून मला मोठा अचंबा वाटे. एकदा मी वडिलांना विचारले, “दादा, हा तर त्याला पाडायला आलेला आहे. मग त्याच्याशी हात कशाला मिळवायचा?”

वडील हसून म्हणाले, “अरे, समोर कोणी उभाच राहिला नाही, तर तो लढणार कोणाशी? दुसरा आला म्हणून ह्याची कुस्ती झाली. त्याचे आभार नकोत का मानायला?”

ह्या साध्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. तो कसा उमगला, हे सांगण्यासाठी तुम्हांला आज कुंडलच्या आखाड्यातून गोव्यातील एका फुटबॉलच्या मैदानावर नेणार आहे.

गोव्यात मडगाव शहराला लागून फातोर्डा नावाची वस्ती आहे. तेथे एक मोठे क्रीडांगण आहे. गोमंतकीयांना फुटबॉलचे वेड फार. आमच्याकडे जशी गावोगाव तालीम, तसे तिकडे गावोगाव फुटबॉलचे मैदान. २०१४ साली आपल्या देशात इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक म्हणजे, ज्यात खेळाडूंना खेळण्याबद्दल वेतन मिळते, संघांना मालक असतात आणि देशोदेशीचे खेळाडू व शिक्षक बोलावले जातात. ह्या स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी, २० डिसेंबर २०१५ रोजी, एफसी गोवा आणि चेन्नईयिन एफसी ह्या दोन संघांमध्ये अंतिम सामना झाला, आणि तोही फातोर्ड्यास. घरचे मैदान, घरचे लोक आणि अजिंक्यपद दाराशी आलेले! गोव्याच्या प्रेक्षकांचा उत्साह किती असेल, ह्याची कल्पना तुम्हीच करा.

दोन्ही संघांचे शिक्षक जगद्विख्यात खेळाडू होते. गोव्याला शिकवीत होता ब्राझीलचा झिको, तर चेन्नईला इटलीचा मार्को मातेराझ्झी. ह्या दुसऱ्या नावाकडे लक्ष ठेवा. त्याची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

पहिल्या अर्धात गोल झाला नाही. दुसऱ्या अर्धात मात्र खेळाला रंग चढला. चौपन्नाव्या मिनिटाला चेन्नईने गोल केला. अवघ्या चार मिनिटांत गोव्याने त्याची परतफेड केली. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी हा गोमंतकाचाच सुपुत्र. चेन्नईला पेनल्टीची संधी मिळाली असताना त्याने ती अडवली आणि मैदान टाळ्यांनी दुमदुमून गेले. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने दुसरा गोल केला. आता उरली होती तीन मिनिटे! लोक आनंदाने नाचू लागले. जणू चषक हातात आलाच होता.

पण खेळ संपेपर्यंत खेळ संपत नाही. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्या गोलापुढे एकच गर्दी झाली. चेंडू परतवण्याच्या धडपडीत कट्टीमनीचाच स्पर्श होऊन तो गोव्याच्या जाळ्यात गेला. दोघांचे दोन दोन गोल झाले. लोक सावरतात न सावरतात तोच, दोन मिनिटांनी, चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा गोल केला आणि पंचांची अखेरची शिट्टी वाजली. तोंडी आलेला घास हिरावला गेला.

आता, मुलांनो, नीट ऐका. हा सामना त्यातील पाच गोलांमुळे लक्षात राहावयास हवा होता. तो लक्षात राहिला भलत्याच गोष्टींमुळे. शिट्टी वाजल्यानंतर जो खेळ सुरू झाला, त्यात चेंडू नव्हता. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांवर धावून गेली. चेन्नईकडून खेळणाऱ्या एलानो ह्या ब्राझीलच्या नामांकित खेळाडूविरुद्ध गोवा संघाच्या एका मालकाने मारहाणीची तक्रार नोंदवली. पोलिसांनी त्याला अटक केली व पुढे त्याची जामिनावर सुटका झाली. विजयाच्या दिवशी विजेत्या संघाचा खेळाडू पोलीस ठाण्यात! इकडे गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभाकडे पाठ फिरवली. त्यांच्या गोटातून सामन्याविषयी आरोपही करण्यात आले.

ह्या प्रकाराची चौकशी झाली. २०१६ च्या मे महिन्यात स्पर्धेच्या शिस्तपालन मंडळाने गोव्याच्या संघास अकरा कोटी रुपये दंड केला, पुढील हंगामात त्याचे पंधरा गुण वजा करण्याचे ठरवले आणि संघाच्या मालकांवरही बंदी घातली. पुढे अपिलात गुणांची कपात रद्द झाली आणि दंडही कमी करण्यात आला. परंतु व्हावयाची ती शोभा होऊन गेली होती.

ह्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गोल चुकला होता खेळाडूंचा. पण तोल सुटला तो केवळ खेळाडूंचा नव्हे. ज्यांनी तरुणांना आवरावयाचे, ती मोठी माणसेही त्या रात्री आवरली गेली नाहीत.

हे लिहिताना मला माझी स्वतःची एक चूक आठवते. ती तुमच्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे. मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेचा कबड्डीचा अंतिम सामना शेजारच्या एका शाळेशी चालला होता. शेवटच्या चढाईत पंचांनी आमचा गडी बाद दिला. मला तो निर्णय चुकीचा वाटला. मी, पन्नाशी उलटलेला माणूस, खुर्चीवरून उठलो आणि सर्वांदेखत पंचांना वाटेल तसे बोललो. सामना आम्ही हरलोच. हस्तांदोलनाची वेळ आली, तेव्हा आमचा एकही मुलगा पुढे झाला नाही. मी त्यांना रागावलो. त्यावर त्यांतला एक लहानसा मुलगा खाली पाहत म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच तर पंचांशी भांडलात.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्या पंचांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली, आणि प्रार्थनेच्या वेळी मुलांना तसे सांगितलेही. वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ मला उमगला तो त्या दिवशी.

राग ही केवळ आपल्याच देशातील गोष्ट आहे असे मात्र समजू नका. जगातील सर्वांत बदनाम फुटबॉल सामन्यांत ज्याची गणना होते, तो सामना २ जून १९६२ रोजी दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशाच्या राजधानीत, सांतियागो येथे झाला. विश्वचषक स्पर्धेतील त्या सामन्यात यजमान चिली आणि इटली समोरासमोर होते. त्या दिवशी जे घडले त्यामुळे लोकांनी त्याला सामना म्हणावयाचे सोडून ‘सांतियागोची लढाई’ असे नाव दिले.

ह्या लढाईचे मूळ मैदानावर नव्हते. ते कागदावर होते. दोनच वर्षांपूर्वी, मे १९६० मध्ये, चिलीत प्रचंड भूकंप झाला होता. त्याची तीव्रता ९.५ इतकी होती. मोजल्या गेलेल्या भूकंपांत ह्याहून मोठा भूकंप दुसरा नाही. हजारो लोक बेघर झाले. अशा संकटातही त्या लोकांनी कंबर कसून मैदाने उभारली आणि जगाला आमंत्रण दिले. अशा वेळी इटलीच्या दोन वार्ताहरांनी सांतियागो शहराच्या दारिद्र्याविषयी आणि तेथील माणसांविषयी तुच्छतेने लेख लिहिले. चिलीच्या वृत्तपत्रांतून ते मजकूर फिरले आणि सारा देश संतापला. दुखावलेल्या माणसाच्या दुःखावर कोणी हसले, तर ते आगीत तेल ओतण्यासारखेच होय. ते तेल ओतणारे दूर राहिले. पोळले मात्र मैदानावरचे खेळाडू.

सामना सुरू होऊन बारा सेकंद होतात न होतात तोच पहिला नियमभंग झाला. पहिल्या पाव तासाच्या आतच इटलीच्या फेरीनी ह्या खेळाडूला पंचांनी बाहेर काढले. तो जाईना! शेवटी पोलिसांनी त्याला मैदानाबाहेर नेले. चिलीच्या सांचेझने ठोसा मारून इटलीच्या एका खेळाडूचे नाक फोडले. इटलीचा डेव्हिड हा सांचेझला लाथ मारून बाहेर गेला. पोलिसांना पुन्हा पुन्हा मैदानात यावे लागले. अखेर चिलीने दोन गोलांनी सामना जिंकला. पण त्या विजयाचे कौतुक कोणाला करवले नाही.

ह्या सामन्याचे पंच होते केन ॲस्टन नावाचे एक इंग्रज गृहस्थ. ते पेशाने शिक्षक होते. विचार करा, एका संघाची भाषा स्पॅनिश, दुसऱ्याची इटालियन आणि पंच इंग्रज! बाहेर जा म्हटले, तरी खेळाडू ‘मला कळले नाही’ असा बहाणा करू शकत होता.

पुढे चार वर्षांनी, १९६६ साली, इंग्लंडमध्ये विश्वचषक भरला तेव्हा ॲस्टन सर्व पंचांचे प्रमुख होते. २३ जुलै रोजी इंग्लंड आणि अर्जेंटिना ह्यांचा सामना झाला. पंच जर्मन होते. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार राटीन ह्याला बाहेर जाण्यास सांगितले. पण त्याला जर्मन येत नव्हते, पंचांना स्पॅनिश येत नव्हते. बराच वेळ तो मैदान सोडीना. स्वतः ॲस्टन ह्यांना खाली उतरून मध्यस्थी करावी लागली.

सामन्यानंतर ॲस्टन मोटारीतून लंडनच्या रस्त्याने चालले होते. मनात तोच प्रश्न घोळत होता: जी सर्वांना समजेल, अशी भाषा कोणती? इतक्यात चौकातील दिवा बदलला. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा झाला. त्यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. पिवळा म्हणजे ‘सांभाळ!’ आणि तांबडा म्हणजे ‘थांब, तू बाहेर!’ ह्यास ना दुभाषा लागतो, ना शब्दकोश. अशा रीतीने पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना जन्मास आली. १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरात आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड दाखवण्याची वेळच आली नाही. विश्वचषकातील पहिले लाल कार्ड निघाले १९७४ साली. आणि योगायोग पाहा, ते मिळाले चिलीच्याच एका खेळाडूला!

आज आपल्या शाळेच्या मैदानावरही पंच खिशातून पिवळे कार्ड काढतात. ते कार्ड म्हणजे एका शिक्षकाने आपल्या वाईट अनुभवातून जगाला दिलेली देणगी आहे, हे विसरू नका. नुसते हात चोळत न बसता, ‘हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?’ असा विचार त्यांनी केला.

पण कार्ड हाताला आवरू शकते, मनाला नाही. ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथे फ्रान्स आणि इटली ह्यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदान हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. तो त्याच्या आयुष्यातील अखेरचा सामना होता. इटलीचा एक खेळाडू त्याला काही टोचून बोलला. झिदान वळला आणि त्याने त्याच्या छातीवर डोक्याने धडक दिली. पंचांनी लाल कार्ड दाखवले. इतका थोर खेळाडू मान खाली घालून चषकाजवळून निघून गेला, आणि फ्रान्स तो सामना हरला. ज्याला ती धडक बसली, तो खेळाडू म्हणजेच मातेराझ्झी. नऊ वर्षांनी फातोर्ड्याच्या मैदानाकडेला चेन्नईचा शिक्षक म्हणून उभा असलेला! एका क्षणाचा राग किती महाग पडतो, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल?

मग रागाला औषध काय? ह्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा फातोर्ड्यासच मिळते.

कट्टीमनीला आपण नव्वदाव्या मिनिटाला सोडून आलो. त्या रात्री चषक घरच्या मैदानावर निसटला, आणि बरोबरीचा गोल त्याच्याच स्पर्शाने झालेला. दुसरा एखादा असता, तर त्याने खेळ सोडला असता किंवा जन्मभर दैवाला बोल लावला असता. कट्टीमनी खेळत राहिला. पुढे तो हैदराबाद एफसी ह्या संघात गेला. आणि २० मार्च २०२२ रोजी, सव्वासहा वर्षांनी, त्याच स्पर्धेचा अंतिम सामना त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर आला. एका बाजूस हैदराबाद, दुसऱ्या बाजूस केरळ ब्लास्टर्स.

अडुसष्टाव्या मिनिटाला केरळने गोल केला. सामना हातचा जातो असे वाटत असतानाच, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल तावोरा ह्या गोमंतकीय तरुणाने बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागेना. शेवटी पेनल्टीवर निर्णय करण्याचे ठरले. ही वेळ गोलरक्षकाच्या परीक्षेची. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असा तो गोल. बारा यार्डांवर चेंडू. आणि मध्ये एकटा माणूस. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर चेंडूने त्याला दगा दिला होता, त्याच मैदानावर कट्टीमनी दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्याने एक पेनल्टी अडवली, दुसरी अडवली, तिसरीही अडवली! हैदराबादने चषक जिंकला.

२०१५ च्या त्या रात्रीचा हिशेब त्याने असा चुकता केला: कोणावर हात उगारून नव्हे, तर सहा वर्षे निमूटपणे सराव करून.

मुलांनो, हारही खेळाचाच एक भाग आहे. कुंडलच्या मैदानात दरवर्षी जितके मल्ल जिंकतात तितकेच हरतात. तरी पुढच्या वर्षी हलगी वाजली, की हरलेलेही लंगोट कसून हजर होतात. ज्याला हार पचवता येते, त्यालाच पुढचे मैदान लाभते. आणि समोर उभा असलेला तो आपला वैरी नव्हे. तो आला म्हणून आपला खेळ झाला. म्हणून आधी हात मिळवावा. शड्डू मग ठोकावा.

शब्दार्थ

हलगी : कातड्याने मढवलेले, काठीने वाजवावयाचे एक चर्मवाद्य. शड्डू ठोकणे : मांडीवर किंवा दंडावर थाप मारून आव्हान देणे. मल्ल : पहिलवान. पुरस्कर्ता : पाठिंबा देऊन प्रसार करणारा. अजिंक्यपद : सर्व स्पर्धकांना जिंकून मिळालेले मानाचे स्थान. गोट : छावणी, पक्षाची माणसे. यजमान : ज्याच्या घरी किंवा देशात समारंभ आहे तो. तुच्छता : कमी लेखण्याची वृत्ती. दुभाषा : एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा. निमूटपणे : काहीही न बोलता.

अभ्यास

१. लेखकाच्या वडिलांनी सलामीचा कोणता अर्थ सांगितला? तो लेखकाला खऱ्या अर्थाने केव्हा उमगला?

२. ‘ह्या लढाईचे मूळ मैदानावर नव्हते, ते कागदावर होते,’ असे लेखक का म्हणतो?

३. पिवळ्या व लाल कार्डाची कल्पना कोणाला, कोठे व कशी सुचली? तिची गरज का भासली?

४. २०१५ आणि २०२२ ह्या दोन सामन्यांतील कट्टीमनीची तुलना आठ-दहा ओळींत करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरवणे, कंबर कसणे, आगीत तेल ओतणे, हात चोळत बसणे, तोंडचा घास हिरावणे.

६. खेळताना तुमचाही केव्हातरी राग अनावर झाला असेल. तो प्रसंग, काहीही न लपवता, आपल्या शब्दांत लिहा आणि आज तो पुन्हा आला तर तुम्ही काय कराल, ते सांगा.